वाढत्या अंगाचं

अंगाला बसेल असा कपडा आयुष्यात एकदाही न शिवलेला टेलर साऱ्या कोल्हापुरात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मंगळवार पेठेत त्यांचं दुकान. शाळेचे गणवेश ही खासियत. गळ्यातली टेप काढून पोराचं माप अगदी निगुतीनं घ्यायचे आणि शिवताना त्या मापाकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. "वाढत्या अंगाचं हाय," एवढंच म्हणायचे. म्हणजे अर्ध्या बाह्या पार मनगटाकडं, शर्ट मांडीपर्यंत, आणि फ्रॉकच्या खाली आतल्या बाजूला दुमडून ठेवलेलं वीतभर कापड, पोरगी वाढेल तसं उसवून सोडायला. जूनमध्ये पेठेतली पोरं शाळेला निघाली की वाळत घातलेले कपडेच दोरीवरून उतरून चालल्यासारखे वाटायचे. आईबापांची तक्रार नसायची, एक गणवेश वर्षानुवर्षं पुरायचा. तक्रार माझी होती. माझ्या लग्नातला सफारी त्यांनीच शिवला. मी सव्वीस वर्षांचा घोडा, वाढ कधीच संपलेली. तरी लग्नाच्या फोटोत माझी फक्त बोटांची टोकं दिसतात. बोललो तर म्हणाले, "जावई, आमच्या पोरीच्या हातचा रस्सा सुरू हुंदे, मग बोला." काही वर्षांनी तो सफारी मला बरोबर बसला, याचा मला अजून राग आहे.

मामांना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. मशीनच्या खडखडाटावर बोलायची सवय, ती देवळातही सुटायची नाही. रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या पाठीकडं बघत म्हणायचे, "पावणं, डावा खांदा उतरलाय तुमचा. पिशवी जरा उजवीकडं घेत जावा की." पावणं आधी दचकायचे, मग खरंच पिशवी बदलायचे. मयताला गेले तरी तेच. खांदेकऱ्यांच्या उंच्या जुळत नसतील तर तिरडी उचलायच्या आधी माणसं बदलायला लावायचे. शोक करणारे लोक त्या भानगडीत रडायचं विसरायचे. त्यांच्याबरोबर कुठंही जायचं म्हणजे मला आधीपासून घाम फुटायचा.

शीतल ही त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. ती तिसरीत गेली त्या वर्षी, म्हणजे नव्वदनंतरच्या त्या मधल्या काळात, ती सारखी दमायला लागली. अंगावर निळे डाग दिसायला लागले. मामी म्हणाल्या नजर लागली. मामा शाळेत जाऊन बाकांचे कोपरे टोचतात म्हणून भांडून आले. मग रक्त तपासलं, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हणून सांगितलं. नातेवाईक "तसला आजार" म्हणायला लागले. मामा मात्र एसटी स्टँडवर, भर गर्दीत, कुणी विचारलं की सांगायचे, "रक्ताचा कॅन्सर हाय पोरीला." त्यांच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी त्यांना दटावलं, "दादा, हळू बोल की." मामा म्हणाले, "का? हळू बोललो तर बारीक हुतोय व्हय त्यो?"

मुंबईत बोलाचालीला म्हणून मी सोबत गेलो होतो. डॉक्टरीणबाई मराठी होत्या आणि न कंटाळता सांगत होत्या. ही औषधं बरीचशी मोठ्या माणसांसाठी शोधलेली, मुलांना ती बेतानं कमी करून देतो. मुलांचा आजार वेगळा, त्याचं संशोधन वेगळं व्हायला पाहिजे, पण त्याला पैसा देणारे थोडे. मामा म्हणाले, "म्हंजे बापाचा सदरा कापून पोरीला शिवल्यागत की." बाई म्हणाल्या, "तसंच काहीसं. पण आता काही मुलं वाचतात, मामा. पूर्वी तीही वाचत नव्हती. आधीच्या मुलांवरून शिकत शिकत आम्ही इथवर आलो." "ती आदीची पोरं कुठं हायत?" मामांनी विचारलं. बाईंनी समोरची फाईल मिटली. परतीच्या गाडीत मामा साताऱ्यापर्यंत कुणाच्याही खांद्याबद्दल काही बोलले नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या आणि एकदा कोल्हापूरला आल्यावर शीतलचे गाल भरले. दंड गोल झाले. निळा गणवेशाचा फ्रॉक कमरेत घट्ट व्हायला लागला. मामांचा आनंद काय सांगू तुम्हाला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शिवलेलं काही कुणाला घट्ट झालं होतं, आणि ते त्यांच्या पोरीला. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून त्यांनी फ्रॉक सैल केला आणि पेठेत घरोघर पेढे वाटले. "पोरगी अंग धरायला लागली," म्हणत गल्ल्या पालथ्या घातल्या. पुढच्या खेपेला स्टीलचा डबा भरून पेढे डॉक्टरीणबाईंनाही नेले. बाईंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाल्या, "मामा, ही सूज आहे. गोळ्यांची." मामांनी डब्याचं झाकण लावलं. मला त्या वेळी त्यांच्याकडं बघवेना. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उंची बगायची हुती, जावई. मी रुंदी बगितली. आनी म्हणं शिंपी." त्यांचा तेवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी शीतल गेली. तिच्या वेळी खांदेकऱ्यांच्या उंच्या जुळवायची वेळच आली नाही. मामा तिला दोन हातांवर घेऊन गेले. तिचा निळा फ्रॉक कपाटात राहिला. बाजूच्या शिवणी उसवलेल्या, आणि खालची वीतभर दुमड होती तशी.

त्यानंतर मामांनी जे आरंभलं त्यानं साऱ्या नातेवाइकांना पळता भुई थोडी झाली. त्या पेढ्यांच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून घेतली आणि मुलांच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करायला लागले. पेठेतल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाकडं गेले. तो म्हणाला, मामा, हॉस्पिटलला चाकाची खुर्ची देऊया, वर मंडळाचं नाव टाकता येतंय, संशोधनाचा काय फोटो निघतोय? मामा म्हणाले, "खुर्चीवर नाव घालशीला बाबा. पर त्या खुर्चीत बसायची पाळीच येऊ नये, त्येचं काय?" अध्यक्षानं चहा पाजून वाटेला लावलं. मग एके दिवशी हे गृहस्थ माझ्याच कारखान्याच्या फाटकावर. मी कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर डबा वाजवत उभे, आणि मला बघितल्याबरोबर, "ह्यो आमचा जावई," म्हणून ओरडले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्याकडनं आजाराचं ऐकलेल्या एका कामगारानं विचारलं, "पोरगी कशी हाय आता?" "गेली की." तो बिचारा चरकला. पण मनात आलं ते बोलून गेलाच, "मग आता कशापाय गोळा करताय, मामा?"

मामा चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्या पोरीला जे औषिद दिलं, ते आदीच्या पोरांवरनं शिकल्यालं. ती पोरं कुणाची, मला म्हाईत न्हाय. त्यांच्या आईबापालाबी कुणीतरी इचारलं असंल, आता कशापाय. त्या पोरांच्या मापावर आमाला पोरगी वरीसभर जादा मिळाली. आता आमच्या पोरीचं माप हाय तितं. माप घेतलंय, मग कापड नगं?" कामगारानं खिशात हात घातला. त्याच्या मागच्यानंही घातला. मी त्यांना मोटरसायकलवर बसवून घरी नेलं.

मुंबईला उपचाराला जाणाऱ्या आमच्या भागातल्या पोरांना मामा एकेक कपडा फुकट शिवून द्यायचे. तोही वाढत्या अंगाचा. आजऱ्याची एक बाई होती, काजूच्या कारखान्यात कामाला. पोरीचा फ्रॉक हातात घेऊन तिनं खालची दुमड चाचपली आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "येवढं कापड कशाला सोडलंय, मामा?" मामांनी मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाले, "लागतंय."

दोन हजार साल उलटून गेल्यावर, मी दुकानात बसलो असताना तीच बाई आली. सोबत पोरगी. पोरीनं पिशवीतून फ्रॉक काढला आणि म्हणाली, "मामा, ह्यो आखूड झालाय."

मामांनी फ्रॉककडं बघितलंच नाही. ते उठले आणि पोरीचे गाल बोटानं दाबून बघायला लागले. मग खाली बसून तिचे घोटे दाबले. "गोळ्या चालू हायत?" "न्हाय जी, बंद हून वरीस झालं," आई म्हणाली, "डाक्टर म्हणाले, आता नुसतं तपासायला या." मामांनी गळ्यातली टेप काढली आणि पोरीला भिंतीला टेकवून उभं केलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं. आतल्या दारात मामी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पेढे सांगू काय आणाय?" मामा म्हणाले, "थांब." परत मोजलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उंची हाय, जावई. उंचीच हाय ही." आणि टेप हातात धरून ते मशीनपुढच्या स्टुलावर बसून राहिले. मामी आत गेल्या.

मग त्यांनी ब्लेड घेऊन दुमड उसवायला घेतली. आतलं कापड गडद निळं निघालं, कधी ऊन न बघितलेलं. त्यावर इस्त्री फिरवली, खाली नवी टीप मारली. पोरगी आतल्या खोलीत जाऊन घालून आली, आणि माझा सफारी सोडला तर मामांच्या हातचा कपडा अंगाला बरोबर बसलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. शिलाई किती, म्हणून आईनं विचारलं. मामांनी डब्याकडं हनुवटी केली.

त्या दोघी जायला निघाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळी दुमड त्यांनी सोडली नव्हती. दोन बोटं कापड आत तसंच ठेवलं होतं. विचारलं तर दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणाले, "आनी वाढंल की."