भाटघरची ट्रायथलॉन, पोहणं सोडून

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल मारायची आणि तसंच पुढे धावायचं. नोकरी सांभाळून, चाळिशीनंतर हे करणाऱ्या माणसांना आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ‘जास्त झालंय’ म्हणतात. मलाही म्हणतात. तरी मी भाटघर धरणावरच्या एका स्पर्धेत नाव घातलं आणि बाबांना सोबत न्यायचं ठरवलं. मला त्यांच्या देखत पोहायचं होतं.

बाबा पंच्याहत्तरीला टेकलेत, पोस्टातून निवृत्त झाले. बार्शीकडच्या त्यांच्या गावात मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गावची पोरं कमरेला भोपळा बांधून तिच्यात उड्या टाकायची आणि बाबा लांब लिंबाखाली उभे राहून बघायचे. आमच्या लोकांनी त्या पाण्याला शिवायचं नव्हतं. पुढे आजोबांनी धम्म स्वीकारला, विहीर मात्र गावाचीच राहिली. बाबा पोहायला कधीच शिकले नाहीत. मी चाळिशीत महापालिकेच्या तलावावर शिकायला लागले, तेव्हा ते बाकावर येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "छान चाललंय. पण इथे तळ दिसतो. मोकळ्या पाण्यात पोहशील तेव्हा बोलव मला."

मग मी मोकळ्या पाण्याच्या मागे लागले. सकाळची बॅच, ओल्या केसांनी हिंजवडीची बस, रविवारी सायकलवर धायरीवरून खडकवासला. नवशिक्यांनो, एक सांगून ठेवते. तलावात फरशीवर काळी रेघ असते, धरणात नसते. दर चार-सहा हातांनी डोकं वर काढून खूण बघितली नाही तर माणूस भलतीकडेच जातो. आमच्यातले बहुतेक जण लाखाची सायकल घेतात, तिचं वजन ग्रॅममध्ये सांगतात आणि पोहण्याचं नाव काढलं की म्हणतात, "होईल रे मॅनेज."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोल (शिव्या आपापल्या घालाव्यात), मग कापूरहोळला उजवीकडे भोर रस्ता. सायकल गाडीमागे बांधलेली असेल तर या रस्त्यावर सावकाश जा. खड्डे आहेत आणि उसाच्या ट्रॉल्या तुमच्यासाठी थांबत नाहीत. फाट्यावर पोहे चांगले मिळतात, चहा फार गोड. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. लग्नाला निघाल्यासारखा, असं मी म्हटलं तर हसले नाहीत.

धरण काठोकाठ भरलेलं, वाऱ्याचं नाव नाही. डीजे मात्र जोरात. पाण्यात वाट दाखवणारे नारिंगी तरंगते बोये टाकलेले होते. सुरक्षेसाठी दोन बोटी होत्या, आणि दोन्ही बोटींतून प्रमुख पाहुणे, त्यांचे कुटुंबीय आणि फोटोवाले फिरायला गेले होते. आम्ही टोप्या घालून काठावर उभे. उन्हं चढली तरी बोटी येईनात. शेवटी माइकवरून घोषणा झाली: उशीर झाल्यामुळे आणि सुरक्षेच्या कारणास्तव पोहणं रद्द, त्याऐवजी सगळ्यांनी थोडं धावायचं, बाकी स्पर्धा ठरल्याप्रमाणे.

मला वाटलं आता लोक चिडतील. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या शेजारचा एक आयटीवाला टोपी काढत म्हणाला, "सुटलो यार! स्विमिंगचंच टेन्शन होतं."

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा आयोजकांच्या मंडपात गेले.

"पोहणं नाही, मग ही ट्रायथलॉन कशी?"

"मॅडम, मेडल सगळ्यांना मिळणार आहे," आयोजक समजुतीने म्हणाले.

"मेडल शनिवार पेठेत दुकानात मिळतं. त्यासाठी मी भाटघरला आले नाही."

"सेफ्टी आहे मॅडम, समजून घ्या."

"सेफ्टीला पाहुण्यांनी फिरायला नेलंय, ते मी समजून घेतलंय."

तेवढ्यात काठावर दोरी बांधली गेली आणि एक कार्यकर्ता भोंग्यातून ओरडला, "पाण्यात कोणीही उतरायचं नाही!"

बाबा दोरीपाशीच उभे होते. शांतपणे म्हणाले, "हे वाक्य मी ऐकलेलं आहे."

मला रडू आलं, रागाने. मी पायाला बांधलेली वेळ मोजायची पट्टी सोडून टेबलावर ठेवली, सायकल गाडीवर चढवली आणि बाबांना म्हटलं, चला.

धरणाच्या कडेकडेने थोडं पुढे गेल्यावर एक होडी दिसली. एक मासे धरणारे काका जाळं आवरत होते. आमच्याबरोबर होडी घेऊन याल का, असं मी विचारलं. बाबा घाईघाईने म्हणाले, "आधी विचारून घे. इथे उतरलेलं चालतं का?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "न चालाया काय झालं? पाणी काय कुणाच्या बापाचं हाय?"

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग चपला काढून होडीत बसले.

मी कमरेला पोहण्याचा फुगा बांधून समोरच्या काठावरच्या वाळक्या झाडाची खूण धरून निघाले. पाणी थंड होतं, तळ दिसत नव्हता. दर वेळी डोकं वर काढलं की एकीकडे झाड आणि दुसरीकडे पांढरा शर्ट. जाऊन आले, स्पर्धेतल्या अंतराहून जास्तच. बाबांनी सगळा वेळ एक हात पाण्यात सोडला होता. शर्टाची बाही खांद्यापर्यंत भिजलेली. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहाचं आमंत्रण मात्र घेतलं.

भाटघरला जरूर जा. दिवाळीच्या आसपास पाणी सुंदर असतं. स्पर्धेचं तुमचं तुम्ही बघा.

घरी येईपर्यंत फोनवर फोटोंचा पूर आला होता. त्या आयटीवाल्याने गळ्यात मेडल घालून ‘फायनली अ ट्रायथलीट’ असं लिहिलं होतं, कंपनीने त्याचं जाहीर अभिनंदनही केलं होतं. त्याचं पाऊलसुद्धा ओलं झालेलं नव्हतं. आयोजकांचा निकालही लागला होता. माझ्या नावापुढे तीन इंग्रजी अक्षरं. बाबांनी चष्मा लावून ती वाचली.

"डी एन एफ म्हणजे काय गं?"

"पूर्ण केलं नाही."

बाबांनी त्या यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "कोणी?"