कुंपणाबाहेरची आवणी

मुळशीतल्या माले गावात आमचं एक भातखाचर आहे आणि जमिनीचे व्यवहार हा माझा बातमीदारीतला विषय आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे गेल्या आवणीत (म्हणजे भाताच्या लावणीत) सिद्ध झालं.

आईचा पाय मोडला आणि ती माझ्या पुण्यालगतच्या सूसमधल्या फ्लॅटमध्ये पलंगावर अडकली. तिकडे मालेत घरामागच्या राबात (रोपांच्या वाफ्यात) इंद्रायणी भाताचं रोप लावणीला आलेलं. खाचर पडीक ठेवायला ती तयार नव्हती. मुळशीत जमीन पडीक दिसली की एजंट थांबतो, एजंट थांबला की गिऱ्हाईक येतं आणि गिऱ्हाइकाने भाव सांगितला की घरात भांडणं लागतात, हे तिचं अर्थशास्त्र.

"भातात काय सुटत न्हाई, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पन भात हाय तवर जमीन हाय."

मी म्हणालो, लावणी मी करतो. आई प्लास्टरकडे बघून हळहळली.

शेतावर पोचलो, तर ओळखीची एकही खूण शिल्लक नव्हती. बांधावरची जांभळ नव्या रस्त्यात गेली होती. शेजारी शेजारी दोन सारखीच खाचरं: एक आमचं, दुसरं चुलत्यांनी मागेच सूसच्या एका साहेबांना विकलेलं. एकाला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार, दुसरं उघडं. मी व्यावसायिक शिस्तीने विचार केला. मुळशीत कुंपण कोण घालतं? बाहेरचा. गावकऱ्याला बांध पुरतो. म्हणजे उघडं ते आपलं. (या तर्कात मला आजही चूक सापडत नाही.)

पॉवर टिलरने चिखल करून घेतला. आळीतली कौसाबाई लावणीच्या बायका घेऊन आली. मी दोरी धरून रांगा अशा सरळ ठेवल्या, की वर्तमानपत्राचे रकाने वाटावेत. येणारा-जाणारा थांबून बघत होता.

"झ्याक केलंत, पेपरवाले," शेजारचे आप्पा म्हणाले. कौसाबाई म्हणाली, गावचं गावातच ऱ्हायलं पायजे. एकाने तर पेढे मागितले. लावणीचेही पेढे असतात, हे मला नवीन होतं. पण इतकं कौतुक झाल्यावर माणूस मागे हटत नाही. पौडवरून पेढे आणले आणि वाटले!

आठवड्याने आई हट्टाने, प्लास्टरसकट, शेत बघायला आली. गाडीतूनच तिने हिरव्या रांगा न्याहाळल्या.

"सरळ हायेत. लई सरळ."

मी नम्रपणे मान झुकवली.

"आता आपल्यात कवा लावतुयास?"

कुंपण आईनेच उन्हाळ्यात घातलं होतं. एजंट गिऱ्हाइकांना आमच्या खाचरातून हिंडवायचे, म्हणून. मला सांगितलं नव्हतं, कारण तेवढा खर्च भातातून कधी फिटणार, यावर मी तिला अग्रलेख ऐकवला असता.

मी आप्पांना गाठलं. कुणीच कसं बोललं नाही?

"आमाला वाटलं, तुमी शेजारचं बी घेतलं," आप्पा शांतपणे म्हणाले. "हितं रोज मालक बदलतुया. कुनाकुनाला इचारायचं?"

पेढ्यांचा अर्थ मला तिथे लागला.

राबातलं रोप संपलेलं, आमचं खाचर तारेच्या आत भुंडं आणि बाहेर एक एजंट मोटारसायकल लावून उभा. आईने गाडीची काच वर केली. मग कौसाबाईने (पेढ्यांची लाज असावी) घरोघरच्या राबातलं उरलंसुरलं रोप गोळा केलं. दोन दिवसांत सगळी आळी आमच्या कुंपणात उतरली. नाना जातींचा भात, वाकड्यातिकड्या रांगा आणि बांधावर खुर्ची टाकून हुकूम सोडणारी आई. एजंट निघून गेला. इतकं देखणं शेत मी दुसरं पाहिलेलं नाही.

लावणी उरकत आली आणि एक पांढरी मोटार थांबली. सूसचे साहेब. आपल्या मोकळ्या जमिनीत उभं पीक बघून त्यांना घाम फुटला. "कूळ तर नाही ना लागणार?" (जमीन कसणारा हक्क सांगेल, ही बाहेरून जमीन घेणाऱ्याची कायमची धास्ती.)

"कूळबीळ काय न्हाई," आई म्हणाली. "रोप आमचं, माती तुमची. पिकंल त्यातलं अर्धं तुमाला, अर्धं आमाला. आन् चुकलं ते आमच्या पोराचं."

साहेबांनी बूट काढले, चिखलात उभे राहिले आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला: 'माझं शेत'.

आईला एकच कोडं होतं. इतकी वर्षं न फिरकलेला माणूस नेमका आत्ताच कसा उगवला?

साहेबांनी मोबाईल पुढे केला. "हा लेख वाचला. जमीन घेऊन विसरू नका, आवणीच्या दिवसांत एकदा जाऊन बघा, तुमच्या शेतात कोण उतरलंय ते. फार अभ्यासू माणूस दिसतो."

आईने लेखावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

माझं लिखाण वाचून कोणी उठून काही करतं, याचा पुरावा मला उभ्या आयुष्यात एवढा एकच मिळाला. तेव्हा मी गुडघाभर चिखलात होतो.