पूजेतले बूट

गाडीने मद्दूर सोडलं तेव्हा माझ्या हातात गरम मद्दूर वडा होता आणि डोक्यात फक्त म्हैसूरचा दसरा. हत्तीवरची अंबारी बघायची आणि सरस्वतीपुरममध्ये दूरचे चुलतभाऊ नागोजीदादा यांच्याकडे उतरायचं, एवढाच बेत होता. बास्केटबॉल त्यात कुठेच नव्हता.

"बन्नी, बन्नी (या, या)! प्रवास चेन्नागि (छान) झाला का रे?" दादांनी दारातच पिशवी ओढून घेतली. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार. दादा मात्र शाळामास्तर, तलवारीऐवजी खडू चालवणारे.

आत भिंतभर पदकं लटकत होती. ती दहावीतल्या यमूची, म्हणजे त्यांच्या मुलीची. आठवीत असतानाच तिला दहावीच्या मुलींच्या संघात घेतलं. नववीत ती कर्णधार झाली आणि शाळेने जिल्ह्याचा करंडक जिंकला. सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून तिला बक्षीस मिळाले ते बास्केटबॉलचे बूट. आता राज्याच्या संघात शिरायचं राहिलं होतं. त्यासाठीचा निवड सामना त्याच दिवशी सकाळी पावसाने धुऊन नेला होता. आता दसऱ्यानंतरच होईल, असं सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. आपल्याकडे कोयता-विळा पुजतात, इथे रस्त्यातल्या रिक्षेलाही हार. दादांनी स्कूटरला केळीचे खुंट बांधले आणि कुंकू भरलेला कोहळा फोडला. आत पाटावर खापरपणजोबांची तलवार मांडली. शेजारी यमूचा बॉल आणि बूट.

"दादा, देवापुढे बूट?" मी विचारलं.

"तिचं आयुध तेच, अल्वा (नाही का)? आता उद्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. स्कूटरलासुद्धा."

होळिगे (पुरणपोळी) पानात पडली आणि यमूच्या खेळाच्या सरांचा फोन आला. निवड करणारे संध्याकाळी परत जाणार होते, म्हणून सामना आज दुपारीच.

यमू पाटाकडे बघत राहिली. "अप्पा, बूट..."

"बेडा (नको), पुट्टी (बाळ). पूजेतलं हलवायचं नाही. आमच्या घरात कधी झालं नाही हे."

मला राग आला. "दादा, शास्त्र माणसासाठी असतं ना?" यमूने पीटीचे कॅनव्हासचे बूट घातले आणि आम्ही तिघांनी सिटी बस पकडली.

सिमेंटचं मैदान अजून ओलसर होतं. यमू पळायला लागली की पाय सटकत होते. एकदा ती पडली आणि गुडघा सोलून निघाला. पुन्हा पडली, तेव्हा हातातला बॉल समोरच्या संघाने नेला. पुढे पुढे ती जपूनच पळू लागली. निवड करणारे दोघे आपापसात गप्पा मारायला लागले होते. मला बघवेना. शेजारी पाहिलं तर दादांची जागा रिकामी. मनात म्हटलं, बाप पळाला.

मध्यंतर संपत आलं तेव्हा फाटकातून स्कूटर आत शिरली. केळीचे खुंट फडफडत होते. दादांच्या काखेत बूट, त्यांवर कुंकू, नाडीत शेवंती अडकलेली.

"अप्पा! स्कूटरसुद्धा?"

"सुम्ने (उगाच) बोलू नको. घाल."

मग मात्र यमूचे पाय जमीन धरून राहिले. दोघींच्या मधून बॉल काढून ती रिंगखाली जाई आणि उडी मारून टाकी. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मी उभा राहून ओरडत होतो. निवड करणाऱ्या दोघांच्या गप्पाही थांबल्या होत्या. एका बास्केटने तिचा संघ हरला. तरी सामन्यानंतर त्यांतल्या एकाने दादांना गाठून विचारलं, "तुमची मुलगी का? राज्याच्या शिबिराला पाठवा."

घरी यमू बूट धुवायला नळाकडे निघाली. दादांनी ते तसेच चिखलासकट घेतले आणि पाटावर होते तिथे ठेवले.

"मोडलं की शास्त्र!" मी चिडवलं.

"मोडलं. खरंय." ते पाटाकडे बघत म्हणाले, "ही कत्ती (तलवार) लढाईवरून घरी आलेली मी कधी बघितली नाही रे. हे बूट आलेले बघितले."

दशमीला अंबारी बघितली आणि रात्रीच्या गाडीने निघालो. घरी साताऱ्यात जो तो विचारतो, हत्ती बघितला का? बघितला, मोठा होता. पण सांगायला बसलो की माझ्या तोंडून आधी ती केळीचे खुंट बांधलेली स्कूटरच फाटकातून आत येते.