तिसरं पदक

चूक माझीच. हुमनाबादला कचेरीसमोर मी अर्ज लिहून देतो. हळ्ळीखेडच्या एका वृद्ध माजी सैनिकाला लष्करी नोंदीत राहून गेलेली तीन पदकं चढवून घ्यायची होती. जखमेच्या पदकाचा कागद नव्हता. अर्ज अडकू नये म्हणून मी ते न विचारताच वगळलं. त्यांनी विश्वासानं सही केली.

उत्तर आलं, तेव्हा बाकावर न बसता, ताठ उभं राहून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"अण्णा, दोनच कामून?"

"वरच्यांनी नाकारलं असंल, अप्पा," मी खोटं बोललो.

त्यांनी शांतपणे धोतर गुडघ्यापर्यंत सारलं. पोटरीत बोट मावेल एवढा खड्डा होता.

"मग ह्यो दाखवायला मीच दिल्लीला जातो. गाडी कवा हाय, बघ."

मला राहवेना.

"जाऊ नका, अप्पा. तिसरं मी लिहिलंच न्हाई. माफ करा मला."