वरच्या खोलीतली हाक

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी चालतं, निम्म्या वेळा त्यांना ते ऐकूच येत नाही. पत्रे ठोकायच्या कारखान्यात उभी हयात गेली. कान तिथेच ठेवून आले आणि आवाज मात्र दुप्पट करून आणला. मीठ मागतात तेही असं, की शेजारीण डबा शोधायला लागावी. कानाचं यंत्र आणून दिलं तर ते टेबलाच्या खणात पडून आहे. म्हणाले, "वहिनी, यातून भांडी मोठी ऐकू येतात, माणसं नाही."

सासूबाई वरच्या खोलीत असतात. आजारपणात त्यांचं उठणं गेलं, हातांची पकड गेली, आवाज तेवढा धाग्याएवढा उरला. मागे एकदा दुपारभर त्या पाण्यासाठी हाका मारत होत्या. मी बाजारात, हे कामावर, आणि भावजी खाली जिन्याशेजारच्या खोलीत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसलेले. मी आले तेव्हा सासूबाईंचे ओठ सुकून गेले होते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. त्या रात्री भावजी ताटावर आले नाहीत.

मग त्यांनी पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी, उघडी पाटी आणली. "हा अख्खा संगणक आहे."

"दुकानदार झाकण द्यायला विसरला वाटतं," मी म्हटलं.

बेत असा होता. सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर आणि भावजींची खोली, तिन्हीकडे घरातले जुने मोबाइल ठेवायचे. ते वाय-फायवरून या पाटीला जोडायचे. एका खोलीतलं बोलणं पाटीकडे जाणार आणि पाटी ते बाकीच्या खोल्यांत वाटणार. बटण दाबायचं काम नाही, कारण सासूबाईंना ते दाबवत नाही. बोललं की आपोआप सुरू.

सांगायला सोपं होतं. वीज गेली-आली की राउटर पाटीला नवाच पत्ता द्यायचा आणि मोबाइल बिचारे जुन्या पत्त्यावर तिला शोधत बसायचे. "भाडेकरूसारखी घरं बदलते नुसती," म्हणत भावजींनी अखेर तिचा पत्ता कायमचा करून टाकला.

मग चाचणी. भावजी सासूबाईंच्या उशाशी उभे राहून बोलले, "हॅलो, वहिनी, येतंय का?" स्वयंपाकघरातल्या मोबाइलमधून आलं. जिन्यावरूनही आलं.

"तुला कशाला हवंय रे यंत्र?" हे म्हणाले. सासूबाईसुद्धा हसल्या.

त्यानंतर सासूबाईंनी हाक मारली. स्वयंपाकघरात काहीच आलं नाही. पुन्हा मारली. मोबाइल गप्प.

झालं होतं ते एवढंच. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज ही व्यवस्था खरखर समजते आणि पुढे पाठवतच नाही. ती पातळी भावजींनी स्वतःच्या आवाजावर बेतली होती. ते कळल्यावर ते पुन्हा खटपटीला लागले. पातळी खाली आणली, तर पंख्याची घरघर आली. पंखा बंद करावा, तर सासूबाईंना घामाच्या धारा. शेवटी पातळी काढूनच टाकली. वाट कायम उघडी. येऊ दे पंखा, येऊ दे पलंगाची करकर.

आणि त्या घरघरीतून स्वच्छ आलं, "धाकट्या."

मी ऐकलं. यांनी ऐकलं. भावजी मोबाइलवर कान टेकून उभे होते.

"बोलली का आई?"

"हो."

"काय म्हणाली?"

"तुम्हालाच हाक मारली."

त्यांनी आवाज शेवटापर्यंत वाढवला. कानात घालायची बोंडं लावली. त्यांना पंखाच ऐकू येई. मग हाक आली की पेटेल असा दिवा जोडला, तर तो पंख्यानेच सदा पेटलेला. एके दिवशी तो मुकाट्याने काढून ठेवला.

मी सासूबाईंना म्हटलं, "मला हाक मारत जा, मी येते."

"त्याने एवढं केलंय," त्या म्हणाल्या, "मग त्यालाच मारते."

देवापुढे बसले तरी मागणं सुचत नाही. सासूबाईंच्या आवाजाला बळ मागावं की भावजींच्या कानांना? एक आजारपणाने नेलेलं, एक कारखान्याने. नुसते हात जोडून उठते.

आज भाजी निवडत होते. मोबाइलमधून वरची हाक आली, "धाकट्या." त्याच मोबाइलमधून भावजींची शीळही येत होती, खालच्या खोलीतली. पुन्हा हाक आली. शीळ थांबली नाही. हाक आणि शीळ एकाच डबीतून माझ्या ओट्यावर येत होत्या, आणि दोघं एकमेकांपासून लांब.

भावजींच्या खोलीत जाऊन मी त्यांच्या खांद्याला हात लावला. काही न विचारता हातातलं काम ठेवून ते वर गेले. मी परत भाजीशी आले.

"बोल, आई," मोबाइल दणाणला.

घरघर. मग बारीक आवाज, "जेवलास का?"

"काय?"

"जेवलास का, रे?"

"मोठ्याने बोल ना, आई."

थोडा वेळ नुसता पंखाच. मी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "जेवलात का, विचारतायत."

वर माझा आवाज पोहोचला असावा.

"हो गं, आई, जेवलो," भावजी म्हणाले.

जेवणाची भाजी अजून चिरायचीच होती.