सुशीच्या केसांना एरंडेल

मुलीचे केस वाचवण्याच्या भरात मी सांगलीतला पोहण्याचा एक अख्खा तलाव तेलकट करून ठेवला.

महायुद्ध संपल्यानंतरचा उन्हाळा होता. गावात पोहण्याचा पक्का तलाव नुकताच झाला होता, आणि कृष्णेत पोहायला शिकलेल्या आमच्या सुशीने तिथल्या मुलींच्या शर्यतीत नाव घातले होते. परंतु त्या पाण्यात क्लोरीन घालीत. सरावाच्या चार दिवसांतच तिच्या कमरेपर्यंतच्या केसांचा काथ्या झाला!

"शर्यतीपुरतं जा," सौभाग्यवतींनी निकाल दिला. "पण केस आणखी बिघडले, तर पोहणं कायमचं बंद!"

सुशीचे डोळे भरून आले. "आप्पा, काहीतरी करा ना!"

"केसांची जबाबदारी माझी," मी म्हणालो. (मवाळ माणसाला आलेला आत्मविश्वास फार घातक असतो.)

"उतरण्याआधी साध्या पाण्यानं चिंब भिजवा, म्हणजे झालं," सौभाग्यवती म्हणाल्या. "भिजलेलं फडकं आणखी किती पाणी पिणार?"

इतका सोपा उपाय शास्त्रीय असेल, हे मला पटेना. शर्यतीच्या सकाळी मी एरंडेलाची बाटली सुशीच्या मस्तकावर रिती केली.

"आप्पा, डोळ्यांत जातंय!"

"जाऊ दे. डोळे थंड राहतात."

शिट्टी झाली. सुशीने उडी घेतली, आणि तिच्यामागून पाण्यावर तेलाचा तवंग ऐटीत पसरू लागला. शेजारची मुलगी किंचाळली, "ई! माझ्या तोंडात गेलं!"

"घाबरू नकोस," मी काठावरून धीर दिला, "एरंडेल आहे. पोट साफ होईल!"

यानंतर त्या मुलीच्या मातोश्री जे बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही.

तलावाचा रखवालदार साताऱ्याकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार होता. त्याने शर्यतच थांबवली. "आवं आप्पासायेब, ह्यो तलाव हाय का फोडणीचं पातेलं? त्याल काढल्याबिगर शर्यत न्हाई!"

पश्चात्तापाने मी विरघळलो. खांद्यावरचे उपरणे काढून तवंग टिपण्यासाठी काठावर वाकलो. काठही तेलकट झालेला! पुढच्या क्षणी मी कोट, टोपी आणि धोतरासह तलावात होतो. एवढे शास्त्र जाणणाऱ्या मला पोहता मात्र येत नव्हते.

"धरा धरा! आप्पासायेब बुडालं!" हवालदार ओरडला.

तो बूट काढीपर्यंत सुशी माझ्यापाशी पोहोचली होती. तिने माझ्या कोटाची कॉलर धरली. मी घाबरून तिची वेणी धरली. जिच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच मी लोंबकळत होतो, आणि मीच चोपडलेल्या एरंडेलामुळे ती दोनदा हातातून निसटली! कशीबशी तिने मला काठाला लावले.

सौभाग्यवती धावत आल्या आणि पदराने माझे डोके पुसू लागल्या. सुशी आपली ओढून ओढून विस्कटलेली वेणी पाठीमागे लपवत उभी होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "आता पोहणं बंद ना?"

"बंद कशाला?" सौभाग्यवती म्हणाल्या. "घरात एक बुडणारं माणूस आहे, तर एक पोहणारं नको का?"

अजूनही कोणी पाहुण्याने "मुलीच्या जातीला पोहणं कशाला हवं?" असे विचारले, की आमच्या घरात कोणी उत्तर देत नाही. सगळे नुसते माझ्याकडे पाहतात.