सातवी ‘ब’च्या बाई

संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, कारण पीएचडीला येण्याआधी त्यांनी सात वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. ही गोष्ट त्यांनी लपवूनच ठेवली असती. पण एकदा मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ निघून गेलं.

आपली इथं निवड चुकून झालीय, याबद्दल बाईंना शंका नव्हती. ती चूक कोणाच्या लक्षात कधी येते, एवढाच प्रश्न होता. समोरच्या टेबलावर बसणारा मुलगा, ज्याला सगळे ‘गोल्डमेडल’ म्हणत, तो मात्र खरा हुशार. त्याच्या प्रोग्रॅमनं गणिताच्या हजार उदाहरणांपैकी नऊशे सत्तर उदाहरणांत मार्क मिळवले होते आणि शुक्रवारी त्यावरचा शोधनिबंध छापायला जायचा होता.

बुधवारी निकालाचे तक्ते नीट मांडायचं काम बाईंकडे आलं. त्यांनी सवयीनं प्रोग्रॅमची उत्तरंच पेपरासारखी तपासायला घेतली. उदाहरणांसोबत आलेल्या उत्तरसूचीतच अकरा उत्तरं चुकलेली निघाली. त्या अकराही ठिकाणी प्रोग्रॅमनं तेच चुकीचं उत्तर दिलं होतं.

बाईंना पेच पडला. बोलावं आणि आपलंच चुकलेलं निघावं, तर तीन वर्षांचं सोंग एका मिनिटात उघडं पडणार. गप्प बसावं, तर निबंध खोटा जाणार. गुरुवारी मार्गदर्शक सरांच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या.

“सर, यानं कॉपी केलीय.”

“कोणी?”

“प्रोग्रॅमनं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चुकाही सारख्याच आल्या, तर एकानं दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. सातवी ‘ब’मध्ये हे रोजचंच होतं.”

दुपारपर्यंत उलगडा झाला. प्रोग्रॅमला शिकवायला इंटरनेटवरून जो ढीग गोळा केला होता, त्यात ती उत्तरसूचीही आली होती. कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नव्या उदाहरणांवर परीक्षा घेतली. हजारात चारशे. शोधनिबंध बारगळला. सर एवढंच म्हणाले, “यापुढे सगळ्यांचे निकाल आधी बाईंकडे.” सरांचा काहीतरी गैरसमज झालाय, असं बाईंना वाटलं.

संध्याकाळी गोल्डमेडल त्यांच्या टेबलाशी आला. डोळे लाल होते.

“बाई, मी काही खरा हुशार नाही. कधी ना कधी कोणीतरी पकडणार, हे मला पहिल्या दिवसापासून वाटायचं.”

हे वाक्य तीन वर्षं बाईंनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. दोघांची चूक तंतोतंत सारखी, आणि कोणीच कोणाचं पाहिलेलं नव्हतं. सातवी ‘ब’मध्ये असं कधी घडलं नव्हतं.

“खुर्ची ओढ,” त्या म्हणाल्या. “पहिल्या उदाहरणापासून पुन्हा सुरू करू.”